आपला आवाज, दुसऱ्याची झोप

"काकी, लग्न आहे हो, मयत नव्हे!"

दहा वाजून गेले, आता डीजे बंद करा, असं म्हटलं की हे वाक्य ऐकावं लागतं. कधी पुतण्या ऐकवतो, कधी भाची. अलीकडं तर माझ्या वयाच्या बायकाही ऐकवायला लागल्यात. म्हणजे आपल्याकडं आता दोनच गोष्टी उरल्या म्हणायच्या. एक तर भिंती हादरवणारा दणदणाट, नाही तर मयत. या दोन्हींच्या मध्ये माणसं एकमेकांशी बोलतात, हसतात, कोण कुणाची कोण ते विचारून घेतात, विहिणी एकमेकींना गोड बोलून टोमणे मारतात, आणि ते ऐकू यावेत म्हणून तरी जरा आवाज कमी हवा, हे सगळं आपण सोडूनच दिलं की काय?

हे मी आपल्याच समाजातल्या बायकांसाठी लिहिते आहे. दुसऱ्यांच्या मिरवणुका, दुसऱ्यांचे भोंगे यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला माझ्या घरचं बोलायचं आहे. आपण पाणी गाळून पितो. कंदमुळाला शिवत नाही. केर काढताना मुंग्यांची रांग दिसली की केरसुणी थांबते. चातुर्मासात पालेभाजी बंद असते. आणि त्याच घरात लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी प्रश्न येतो, डीजे कुणाचा सांगितलाय? मुंगीला जपणारे आपण, भिंतीपलीकडच्या माणसाला मात्र हिशेबात धरत नाही.

गेल्या वैशाखात हैदराबादला नात्यातल्या मुलीचं लग्न होतं. आम्ही बेळगावची वीस-बावीस माणसं रात्रभर बसमध्ये अंग मोडून घेऊन सकाळी पोचलो. उतरायची सोय नामपल्लीच्या बाजूला एका हॉटेलात केली होती. नाव सांगायचं कारण नाही. अशी हॉटेलं आता गावोगाव झाली आहेत, बेळगावात आहेत, हुबळीला आहेत, कोल्हापूरला आहेत. खाली काउंटर, पहिल्या मजल्यावर बँक्वेट हॉल आणि हॉलच्या डोक्यावर राहायच्या खोल्या. एकच मालक खाली नाच विकतो आणि वर झोप विकतो. पैसे दोन्हींचे घेतो.

पहिल्या रात्रीचा कार्यक्रम आमचा नव्हता, दुसऱ्याच कुणाचा तरी होता. आमच्या आत्ती ७८ वर्षांच्या. चाळीस वर्षं झाली, त्या सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. सहाच्या सुमाराला घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगाचटणी खाऊन, सामायिक करून, साडेआठला त्या आडव्या झाल्या. पावणेनऊला खाली सुरू झालं. गाणं कुठलं ते कळत नव्हतं, कारण गाणं वरपर्यंत पोचतच नव्हतं. पोचत होता तो फक्त ठोका. ढम्, ढम्, ढम्. बारीक आवाज भिंती अडवतात, खर्जातला आवाज त्यांना जुमानत नाही. तो भिंतीतून, जमिनीतून, पलंगाच्या पायातून चढतो आणि छातीत येऊन बसतो. टेबलावर ठेवलेल्या तांब्यातलं पाणी थरथरताना मी डोळ्यांनी पाहिलं. आत्ती उठून बसल्या. काही बोलल्या नाहीत. जपमाळ काढली, दोन मणी ओढले आणि पुन्हा पिशवीत ठेवली. "ठोक्यावर जप व्हायला लागला गं," म्हणाल्या.

भाच्याच्या मोबाइलवर आवाज मोजायचं काहीतरी आहे. ते सरकारी मोजमाप नव्हे, पण अंदाज येतो. दार लावलेलं, खिडकी बंद, पडदा ओढलेला, आणि आकडा ७०च्या आसपास. आता यातलं गणित सांगते, कारण 'थोडासा जास्त' असं म्हणून आपण ते उडवून लावतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम आपल्या देशात २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात राहत्या वस्तीत ४५ डेसिबल आणि बाजारपेठेच्या भागात ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. आणि डेसिबल म्हणजे किराण्याच्या दुकानातला तराजू नव्हे. आकडा दहानं वाढला की आवाजाची ऊर्जा दसपट होते. ५५च्या जागी ७० म्हणजे तीसपटीहून जास्त. आणि हा आकडा वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीतला. खाली स्पीकरच्या पुढ्यात कडेवर लहान लेकरं घेऊन नाचणारी माणसं होती, त्या लेकरांच्या कानांचं काय होत असेल ते त्यांच्या आयांनी डॉक्टरांना विचारावं.

सव्वादहाला मी खाली गेले. काउंटरवरचा पोरगा बिचारा विशी-बाविशीचा. "थोडा अ‍ॅडजस्ट कर लेव मॅडम, बारा बजे तक खतम हो जाता," म्हणाला. मॅनेजरना बोलवायला लावलं. ते म्हणाले, हॉल बंदिस्त आहे, नियमात बसतं. हे अर्धंच खरं आहे, आणि अर्धं खरं पाठ करून ठेवणारी माणसं मला फार भेटतात. बंद सभागृहात, आतल्या माणसांना ऐकू येण्यापुरता ध्वनिक्षेपक रात्री चालतो, असं नियम म्हणतो. आतल्या माणसांना. चौथ्या मजल्यावरच्या आत्तींना आणि मागच्या गल्लीला ऐकवण्याची मुभा त्यात नाही. आणि हॉल बंदिस्त म्हणावा, तर त्याची दारं क्षणभर मिटत नव्हती. वाढपी आत-बाहेर, पोरं आत-बाहेर, फोटोवाले आत-बाहेर.

वर आले आणि खिडकीचा पडदा सारून पाहिलं. हॉटेलच्या मागं एक गल्ली होती, एकमेकांना चिकटलेली दुमजली घरं. एका गच्चीवर एक बाई कडेवरचं मूल थोपटत येरझारा घालत होती. घरात झोपत नसेल म्हणून वर आणलं असेल, पण वर आवाज जास्तच. ती या टोकाला जायची, त्या टोकाला जायची. आम्ही तीन रात्रींचे पाहुणे, चौथ्या दिवशी बेळगावला येऊन आपापल्या अंथरुणात झोपणार. ती कुठं जाणार? लग्नसराईत तो हॉल रोज लागतो. 'एक दिवसाची तर मजा' असं आपण म्हणतो तो आपला एक दिवस असतो. त्या गल्लीच्या नशिबी असे एक-एक करून सगळ्यांचे एक दिवस येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरपक्षाकडं फराळाला बोलावलं होतं. त्यांचं घर ज्युबिली हिल्सला. बाकीची मंडळी गाडीनं येणार होती. आमच्या ह्यांना सकाळी तासभर चालल्याशिवाय चैन पडत नाही, आणि मला रात्रभर झोप नव्हती, म्हणून आम्ही दोघं लवकर निघालो. नामपल्लीहून मेट्रो, अमीरपेटला बदलायची, ज्युबिली हिल्स चेकपोस्टला उतरायचं. तिथून पुढं पायी.

काय सांगू, दहा मिनिटं चाललो आणि मला माझ्याच चपलांचा आवाज ऐकू यायला लागला. जवळच केबीआर उद्यान आहे, १९९८ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं, भर शहरात साडेतीनशे एकरांहून मोठं रान. तिकडून मोर ओरडला, तर तो अगदी शेजारी ओरडल्यासारखा स्वच्छ ऐकू आला. रस्ते चढ-उताराचे, नावांऐवजी नंबरांचे. मधूनमधून हैदराबादचे ते थोरले करडे कातळ, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचे म्हणतात. कुणी ते फोडून बंगला बांधलाय, कुणी शोभेला अंगणात ठेवून घेतलेत. शेजारच्या भागाला बंजारा हिल्स म्हणतात. बंजाऱ्यांचे तांडे कधीच गेले, नाव तेवढं राहिलं.

सुंदर आहे, नाही कसं म्हणू? बोगनवेल भिंतीवरून खाली ओघळलेली, गुलमोहर पेटलेला. पण भिंती दोन पुरुष उंच. फाटकं पत्र्यानं मढवलेली, आत काय आहे ते फटीतूनही दिसू नये अशी. प्रत्येक फाटकाशी पहारेकऱ्याची खोपटी, आणि ती बरोबर फुटपाथवर. कुठं फुटपाथवर कुंड्या, कुठं जनरेटर, कुठं कुणाची तरी चौथी गाडी. आम्ही रस्त्याच्या कडेनंच चालत होतो. टेकायला एक कट्टा नाही, पाण्याची बाटली घ्यायला एक दुकान नाही. ह्यांना तहान लागली तर म्हटलं, आता मोराकडंच मागा. त्या रस्त्यांवर पायी चालणारी माणसं मी मोजली नाहीत, पण प्रकार मोजले. कामाला येणाऱ्या बायका, साहेबांची कुत्री फिरवणारी पोरं, रात्रपाळी संपवून निघालेले पहारेकरी, आणि आम्ही दोघं.

एका फाटकाशी सावलीला थांबलो. आमचं मराठी ऐकून आतला पहारेकरी उठून बाहेरच आला. नांदेडकडचा माणूस. हैदराबादला त्या भागातली पुष्कळ माणसं पोटासाठी आलेली आहेत. त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. ह्यांनी सहज विचारलं, इथं फार शांत असतं नाही? तो म्हणाला, "हितं आवाज करू देत न्हाईत साहेब. मागं त्या कोपऱ्यावर कुनीतरी साउंड लावला, धा मिन्टात पोलिसाची गाडी." तू कुठं राहतोस विचारलं, तर बोराबंडा म्हणाला. तिथं घरामागंच फंक्शन हॉल आहे. रात्रपाळी करून तो सकाळी घरी जातो, दिवसा झोपायचं म्हणतो, तर दुपारपासून साउंड तपासायला सुरुवात. "तिथं पोलिसाला फोन लावला तर?" मी विचारलं. तो नुसता हसला.

ज्या शांततेची तो बारा तास राखण करतो, तिच्यातली घटकाभरही त्याला घरी नेता येत नाही. पगाराबरोबर ती मिळत नाही.

मग फराळाला गेलो. घर मोठं, माणसं प्रेमळ. खोटं कशाला सांगू, आदरातिथ्यात तिळभर उणं नव्हतं. घरच्या बाई स्वतः वाढत होत्या. वाढता वाढता म्हणाल्या, "आम्ही संगीत इथं गच्चीवरच करणार होतो. पण इथं चालत नाही हो. शेजारी ऐकून घेत नाहीत, लगेच असोसिएशनचं पत्र येतं. म्हणून तिकडं हॉटेल घेतलं."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळेच असं करतात, त्यांनीही केलं. हे वाचून त्यांना राग आला तर मी फोनवर बोलेन त्यांच्याशी. पण ते वाक्य माझ्या घशात अडकलं ते अजून उतरलेलं नाही. शेजारी ऐकून घेत नाहीत. म्हणजे शेजारी कोण, तर ज्याच्या तक्रारीला किंमत आहे तो. नामपल्लीच्या मागच्या गल्लीतली कडेवर मूल घेतलेली बाई शेजारी नव्हे. तिचं पत्र येत नाही. शांत वस्तीतली माणसं आवाज करत नाहीत असं मला त्या सकाळी वाटलं होतं. ती आवाज करतात, फक्त दुसऱ्याच्या दारात जाऊन करतात. आपल्या घरचा कचरा गल्लीच्या तोंडाशी टाकून यावा, तसा हा आवाज शहराच्या दुसऱ्या टोकाला टाकून येतात आणि घरी येऊन मोर ऐकत झोपतात.

आणि कायदाही बघा कसा चालतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की नको असलेला आवाज कानावर लादणं हा जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे. तो हक्क सगळ्यांचा. २०२२ साली ज्युबिली हिल्सच्या रहिवाशांच्या तक्रारीवरून तेलंगणा उच्च न्यायालयानं रात्री दहानंतर पबमध्ये संगीत वाजवायला मनाई केली. चांगलं केलं. पुढं ती मनाई त्या भागातल्या ठरावीक पबपुरतीच राहिली. रहिवाशांनी भांडून मिळवलं याबद्दल मला काही म्हणायचं नाही, उलट भांडलंच पाहिजे. पण ज्यांना वकील लावता येतो त्यांच्या रात्री वाचतात आणि बोराबंड्याच्या पहारेकऱ्याची झोप तशीच राहते, तेव्हा ती शांतता हक्क राहत नाही. ती मिळकत होते.

आपल्याकडं मिळकतीला मर्यादा घालायचं व्रत आहे, परिग्रहपरिमाण. परिग्रह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं सोनं, शेती, घरं, गाड्या येतात. शांतताही माणूस साठवतो, भिंत घालून आपल्यापुरती ठेवतो, आणि तिची किंमत दुसऱ्याला भरायला लावतो, हे कुणी मोजत नाही. मोजायला हवं, असं माझं म्हणणं.

आणखी एक व्रत आहे, त्याचं नाव आपण शाळेतल्या पाढ्यासारखं घेतो आणि पुढं जातो. अनर्थदंडविरती. म्हणजे काही कारण नसताना, कसला उपयोग नसताना केलेली हिंसा टाळणं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार दिलेत. पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. त्यातली प्रमादचर्या कुणी वाचून बघावी. विनाकारण जमीन उकरणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वारा ढवळणं, झाडं तोडणं. वारा ढवळणं! आवाज म्हणजे दुसरं काय असतं? हवा हलते, म्हणूनच तो कानापर्यंत येतो. हाताएवढ्या पंख्यानं विनाकारण वारा घालू नये इतका बारीक विचार करणाऱ्या परंपरेतली माणसं आपण, आणि हत्तीएवढे आठ-आठ खोके रचून मध्यरात्रीपर्यंत हवा हादरवतो. मुनिमहाराज बसायच्या आधी पिंछीनं जागा झाडून घेतात. आपण त्यांच्या दर्शनाला जातो, फोटो काढतो आणि संध्याकाळी डीजेवाल्याला सुटे पैसे उधळतो.

त्या रात्री आमचं संगीत झालं. त्याच हॉलमध्ये, तेच खोके. दहा वाजता मी आत जाऊन सांगितलं, आणि वर लिहिलेलं वाक्य मला तिथंच मिळालं. बारा वाजून वीस मिनिटांनी बंद झालं. पत्रिकेवर 'सूर्यास्तापूर्वी भोजनाची सोय' असं छापलेलं होतं. सूर्यास्तापूर्वी जेवणारी आम्ही नऊ माणसं होतो, बाकीच्यांचं पान साडेअकराला वाढलं.

आता माझ्याशी भांडणाऱ्यांचं म्हणणं. सगळ्यांना उत्तर देत बसत नाही. 'दुसरे करतात ते चालतं' याला तर मुळीच नाही, ते पाचवीतल्या पोरांचं बोलणं झालं.

पण एक म्हणणं मला खरंच टोचतं. एक तरुण सून मला म्हणाली, "काकी, आमच्या आईला लग्नात डोक्यावरचा पदर पडला तरी बोलणी बसायची. आम्ही आता नाचतोय तर तुम्हाला आवाज खुपायला लागला." हे बोलणं मी ऐकून घेतलं आणि मनात ठेवलं. तिचं खरं आहे. आपल्या बायकांना चारचौघांत अंग मोकळं करायला फार उशिरा मिळालं, आणि त्यांचा नाच बंद करायला मी निघालेली नाही. नाचा. घामाघूम होईपर्यंत नाचा. पण त्या हॉलमध्ये मी पाहिलं ते असं. नाचाचा क्रम इव्हेंटवाल्यानं ठरवला, गाणी त्यानंच ठरवली, मुलींना पायऱ्या शिकवायला मास्तर लावला, आणि हळदीची गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत त्या पाच म्हाताऱ्या भिंतीकडेच्या खुर्च्यांवर कानात कापूस घालून बसल्या. एकीनं शेजारणीला काहीतरी सांगितलं, तिनं कानाला हात लावून 'काय?' म्हटलं, हिनं हातानंच 'जाऊ दे' म्हटलं. बायकांचा आवाज मोकळा करणारा हा कसला कार्यक्रम, जिथं बायकांना एकमेकींचं बोलणं ऐकू येत नाही? आमच्याकडं फुगड्या व्हायच्या, झिम्मा व्हायचा, आणि गच्ची दणाणून जायची. तो दणका शेजारच्या घरापर्यंत जायचा, पण शेजारीण तोवर आपल्याच फुगडीत असायची, कारण तिला बोलावलेलं असायचं.

दुसरं म्हणणं धर्माचं. लग्नाचं सोडा, पण पूजेचा, पंचकल्याणकाचा आवाज तर पुण्याचाच, असं म्हणणारे आहेत. पहाटेपासून कर्णा लावून सवाल बोलायचे, कुणी किती बोललं ते तीन गल्ल्यांना ऐकवायचं, यात पुण्य कुठलं? देणाऱ्याचं नाव देवाला कर्ण्याशिवाय कळत नाही काय?

आमच्या गल्लीतली एक गोष्ट सांगते, घराचं नाव न घेता. एका आजींनी सगळ्यांच्या संमतीनं, गुरूंच्या आज्ञेनं सल्लेखना घेतली होती. शेवटचे दोन-तीन दिवस होते. खोलीत आम्ही बायका पाळीपाळीनं बसून णमोकार म्हणत होतो, अगदी हलक्या आवाजात, कारण आजींना आता मोठा आवाज सोसत नव्हता. दार ओढलं तरी त्यांच्या कपाळावर आठी यायची. रात्री साडेदहाला वरात आली. आपलीच माणसं, आपल्याच समाजाचं लग्न. आजींची थोरली सून अनवाणी बाहेर धावली, हात जोडले. पोरं चांगली होती, लगेच कमी केला आवाज. वळणापर्यंत. वळण ओलांडल्यावर पुन्हा वाढवला, आणि तो आत जसाच्या तसा ऐकू येत होता. आजींचे ओठ हलायचे थांबले होते. त्या ऐकत होत्या की आणखी काही, ते आम्हाला कळलं नाही. पहाटे त्या गेल्या.

वरातीतल्या पोरांना माहीत नव्हतं, हे मला कबूल आहे. पण कुठल्या घरात काय चाललंय हे कधीच माहीत नसतं. कुणाची दहावी असते, कुणी बाळंतीण असते, कुणाच्या छातीत कळ येत असते. प्रत्येकीनं अनवाणी धावत येऊन हात जोडायचे, तेव्हा आपण आवाज कमी करणार काय?

पुरुषांवर ढकलून मोकळं होता यायचं नाही, बायांनो. पैसे ते देतात, पण लग्नात काय काय करायचं हे आता आपणच ठरवतो. साड्या आपण ठरवतो, रिटर्न गिफ्ट आपण ठरवतो, संगीताचा दिवस आपण ठरवतो. 'मुलाकडच्यांनी डीजे लावला, आपण नाही लावला तर कसं दिसेल' हे वाक्य मी अजून एकाही पुरुषाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

दिवाळीनंतर माझ्या धाकट्या जावेच्या मुलाचं लग्न आहे. यंदा मुलाची बाजू आमची, म्हणजे सांगायचा मानही आमचाच. यादी करताना घालायच्या चार ओळी मी आधीच लिहून काढल्यात. जेवण सूर्यास्तापूर्वी, आणि तेही सगळ्यांचं. वाजंत्री दहाला बंद. डीजे लावलाच तर खोके दोन, आणि त्याचे निम्मे पैसे रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी, बंद केल्याचं बघून. आणि हॉलच्या मागच्या गल्लीत आदल्या दिवशी जावेनं आणि मी घरोघर जाऊन सांगून यायचं, जमलं तर जेवायलाच बोलवायचं.

कागद तिच्या हातात दिला. तिनं दोनदा वाचला. "अक्का, पोरं ऐकायची नाहीत हो," म्हणाली.

"पोरांचं मागनं बघू," म्हटलं. "आधी तू ऐकतीस काय सांग."

तिनं कागद घडी करून डब्याखाली ठेवलाय. अजून काही बोललेली नाही.